भांडवलाबरोबर वाटही दाखविणारी बाई



नुसते बेणे बांधावर आणून टाकले म्हणजे ऊस येत नाही, हे आपणास सांगायला नको. लागणीनंतर खत, पाणी, खुरपणी, बांधणी वेळच्या वेळी झाली तरच टनेज हाती लागते. पैशाचेही तसेच आहे. नवा धंदा काढणाऱ्याला शहरात हल्ली ‘स्टार्टअप’वाला म्हणतात. त्याला भांडवल देणारे गुंतवणूकदार नुसते पैसे देऊन मोकळे होत नाहीत, तर धंदा उभा राहीपर्यंत सल्लाही देतात. हेच काम सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात एका बाईंनी शेळ्या पाळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायांसाठी केले. त्यांचे नाव चेतना गाला सिन्हा.

चेतनाताई मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून त्या सामाजिक कामात आल्या. शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून त्या म्हसवडला राहायला आल्या. हा मुलूख पर्जन्यछायेचा. बागायत थोडी, मेंढ्या-शेळ्या जास्त आणि पोटासाठी गाव सोडणारी माणसेही पुष्कळ.

पत्र्याची नाही, प्लास्टिकची गोष्ट

रस्त्याकडेला लोहारकाम करणारी कांताबाई एकदा त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर धरायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. कर्ज नको होते, नुसते खाते हवे होते. पण रक्कम इतकी लहान, की बँकेने खाते उघडायला नकार दिला. तेव्हा चेतनाताईंनी ठरविले, की बायांची स्वतःचीच बँक काढायची.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बाया निरक्षर, अंगठा उठविणाऱ्या. बाया काही रडत बसल्या नाहीत. दिवसभर रानात राबायचे आणि रात्री अक्षरे गिरवायची, असे काही महिने चालले. मग त्या पुन्हा मुंबईला गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, पण हिशोब आम्हाला येतो, असे त्यांनी साहेबांना सांगितले. कोणतीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असे आव्हानच दिले. अखेर परवाना मिळाला आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बाईचे ऐकले म्हणून बँक चालली

सुरुवातीला बँकेने पासबुके देऊ केली. बाया म्हणाल्या, नको. पासबुक घरी दिसले की नवरा पैसे मागणार! मग बँकेचा माणूसच दारोदार आणि बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागला. रोज विक्री करणारी बाई रोज भरते, हे तिला परवडते. आपली उसाची रक्कम हंगामात उचलीने आणि हप्त्याने येते, म्हणून आपले पीककर्जही हंगामाच्या धोरणाने असते. ज्याची कमाई ज्या चालीने येते, त्या चालीने हप्ता ठेवावा, ही शहाणपणाची गोष्ट या बायांनी बँकेला शिकविली.

पुढे ध्यानात आले, की कर्ज पुरत नाही. माल किती भावाने घ्यावा, नफा कसा काढावा, धंद्याचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा वेगळा कसा ठेवावा, हे शिकवायला हवे. म्हणून 2006 साली बायांसाठी उद्योगाची शाळा निघाली. शाळेला येणे ज्यांना जमेना, त्यांच्यासाठी बसमधून फिरती शाळा गावोगाव गेली. एक बाई तिथल्या प्रशिक्षणातून शेळ्यांचे कृत्रिम रेतन करू लागली. हे काम तोवर पुरुषांचे समजले जाई. 2008 पासून सामुदायिक रेडिओही सुरू झाला.

2012-13 च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवून चारा घ्यायला बँकेत आली. पैसे मिळतील, पण पाणी नसेल तर जनावरे जगतील कशी, असा तिचा सवाल होता. त्या सवालातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि हजारो जनावरे वाचली. 2018 साली स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे जागतिक आर्थिक मंचाच्या परिषदेच्या सात सहअध्यक्षांत चेतनाताई होत्या. सातही महिलाच होत्या आणि त्यांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द याही होत्या.

आपल्या घरी काय?

आता आपल्या पुरुषोत्तमनगर परिसराकडे पाहू. बेणे तोडण्यापासून खुरपणीपर्यंत निम्म्याहून जास्त काम घरची बाई आणि मजूर बाई करते. नंदुरबारला मिरचीची देठे खुडणारे हात बायांचेच. शहाद्याकडे पपईच्या बागेतही त्या राबतात. पण बहुतेक घरी सातबारा पुरुषाच्या नावे, कारखान्याचा शेअर पुरुषाच्या नावे आणि बिलही त्याच्याच खात्यावर. शेवया-पापड, मिरचीची भुकटी, शेळीपालन असा जोडधंदा काढू म्हणणाऱ्या बाईकडे बँकेत दाखवायला एक कागद नसतो. मग ती सावकाराकडे जाते, किंवा बेत मनातच ठेवते. नुकसान घराचेच होते.

यासाठी मोठी योजना नको. घरच्या बाईचे स्वतंत्र खाते उघडा. आलेल्या बिलातून ठराविक रक्कम तिच्या खात्यावर टाका आणि तिचा हिशोब तिला करू द्या. ‘लक्ष्मी मुक्ती’च्या 1992 च्या शासन निर्णयाप्रमाणे नवऱ्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तलाठ्याकडे चौकशी करा. आणि बचत गटात बायांनी धंदा काढला, तर पहिल्या वर्षी तोटा दिसला म्हणून बंद करू नका. खोडव्यालाही आपण लक्ष देतोच ना? तसेच लक्ष तिथे द्या.

सहकार म्हणजे एकाच्या पैशाला दहांचा हात. त्या दहांत बाईचा हात आणि तिचे नाव, दोन्ही असले पाहिजेत.

— ऊस विकास अधिकारी