जुन्या घराच्या खिडक्या : आधी सावली, मग काच

आपल्या वर्गातील बरीच कुटुंबे तोआ पायोहच्या जुन्या इमारतींत राहतात. एचडीबीची स्थापना १९६० साली झाली आणि त्याच दशकात ही वसाहत उभी राहू लागली. त्यामुळे इथली कित्येक घरे आपल्या आईवडिलांपेक्षाही वयाने मोठी आहेत. घर जुने झाले की खिडक्या बदलण्याचा विषय निघतो आणि लगेच कुणीतरी दुहेरी काचेचे नाव घेते. त्या खर्चात पडण्याआधी काय पाहावे, ते आम्ही मोठ्या गटाने या लेखात मांडले आहे.

प्रथम ऊन कुठून येते ते पाहू. सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. सूर्य जूनमध्ये थोडा उत्तरेकडून, तर डिसेंबरमध्ये थोडा दक्षिणेकडून जातो. पण बाराही महिने तो पूर्वेला उगवून पश्चिमेलाच मावळतो. म्हणून उत्तर-दक्षिण खिडक्यांना त्रास कमी आणि पश्चिमेच्या खिडकीला सर्वात जास्त. इथे सूर्य माथ्यावर येतो तोच दुपारी एकच्या सुमारास, त्यामुळे संध्याकाळी सहालासुद्धा त्या खोलीत ऊन असते.

आता थोडे गणित करू. आत एअरकॉन लावून २५ अंश ठेवले आणि बाहेर ३२ अंश असले, तर फरक सात अंशांचा. साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून दर अंशाला सुमारे ६ वॅट उष्णता आत येते, म्हणजे सगळी मिळून ४० वॅटच्या आसपास. त्याच काचेवर पश्चिमेचे स्वच्छ ऊन पडले की ४०० वॅटसुद्धा आत येतात. दहापट! दुहेरी काच ४० चे २० करील, पण ती रंगहीन असेल तर उन्हाचे ४०० फारसे कमी होणार नाहीत. थंड देशांत घरातली ऊब राखायला दुहेरी काच हवीच. आपल्याकडे मुख्य काम ऊन अडवण्याचे आहे. मोठ्या रस्त्याचा आवाज कमी करायचा असेल, तर मात्र दुहेरी काचेचा उपयोग होतो.

ऊन काचेच्या बाहेर अडवणे सर्वात चांगले. कोकणातल्या घरांची छपरे म्हणूनच भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली असतात. आपल्या फ्लॅटला मात्र मनाप्रमाणे बाहेरून छज्जा लावता येत नाही. त्यासाठी आधी एचडीबीला विचारावे लागते. मग उरतात दोन उपाय : काचेला उष्णता परतवणारी फिल्म लावणे, किंवा काचेकडची बाजू पांढरी असलेला जाड पडदा लावणे. गडद रंगाचा पडदा ऊन स्वतःच पितो आणि तापून खोलीही तापवतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जुन्या लांबट इमारतींत पुढे व्हरांडा आणि मागे खिडक्या असतात. दोन्हीकडे उघडे ठेवले की वारा आरपार वाहतो आणि पंख्यावरही भागते. नवी खिडकी निवडताना हे लक्षात ठेवावे. बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते, सरकती खिडकी अर्धीच. आडव्या पट्ट्यांची लूव्हर्सची खिडकी वारा भरपूर देते, पण नीट बंद होत नाही, म्हणून एअरकॉनच्या खोलीला ती बरी नव्हे. फट शोधायला उदबत्ती लावून बंद खिडकीच्या कडेने फिरवावी. मात्र पंखा बंद हवा, पडदे बाजूला हवेत आणि मोठे माणूस जवळ हवे. धूर जिथे हलेल तिथे रबराची पट्टी बदलायची.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. बाहेर उघडणाऱ्या जुन्या झडपा अ‍ॅल्युमिनियमच्या रिव्हेटवर टांगलेल्या असत. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील दमट हवेत एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. एक दिवस रिव्हेट तुटतो आणि झडप खाली चालणाऱ्या माणसावर पडू शकते. म्हणून २००४ साली कायद्याने अशा झडपांचे रिव्हेट बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवणे सक्तीचे झाले. ते न बदलल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. निगा न राखल्यामुळे खिडकी पडली, तर शिक्षा याहून मोठी आहे. सरकत्या खिडकीला दोन्ही टोकांना अडणी आणि वर सुरक्षापट्टी आहे ना, हेही पाहावे. खिडक्या बसवण्याचे काम बीसीएच्या मान्यताप्राप्त खिडकी-कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे.

थोडक्यात क्रम असा :
१. रिव्हेट आणि अडणी तपासणे.
२. पूर्व-पश्चिमेचे ऊन अडवणे.
३. वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे.
४. एअरकॉनच्या खोलीतील फटी बुजवणे.
५. एवढे करूनही गरज वाटली आणि पैसे असले, तर नवी काच.

गृहपाठ : आपल्या घरातील प्रत्येक खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहून आणावे. झडप, चौकट, बिजागरी, खिट्टी, गज आणि तावदान हे शब्द त्यात यायला हवेत. रिव्हेट तपासण्यासाठी मुलांनी स्वतः खिडकीबाहेर वाकू नये; ते काम आईबाबांना सांगावे.