गच्चीवरचं ग्रहण

गुरुवारी, २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की प्रत्येकाच्या स्टेटसला एकच फोटो होता, अर्धामुर्धा खाल्लेल्या बिस्किटासारखा सूर्य! कुणी मोबाइलवर काढलेला, कुणी डीएसएलआरवर, कुणी थेट इंटरनेटवरून ढापलेला. पण तो एक फोटो स्वतः काढायचा म्हणजे काय काय करावं लागतं? आमच्या गच्चीवरची ही गोष्ट.

ख्रिसमसची सुट्टी, थंडी आणि सकाळी सहाचा अलार्म या तीन गोष्टी आमच्या ग्रुपमध्ये एरवी एकत्र नांदत नाहीत. त्या दिवशी मात्र साडेसातलाच डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चौघं हजर होतो. मी, एक इंजिनीअरिंगवाला मित्र, एक ज्युनिअर आणि माझा अकरावीतला मामेभाऊ. सामान म्हणाल तर डिपार्टमेंटकडून हातापाया पडून आणलेला कॅमेरा, ५५-२५०ची लेन्स आणि एक पाय चिकटपट्टीवर उभा असलेला ट्रायपॉड. प्रोफेशनल कुणीच नाही. याआधी आम्ही फोटो काढले ते फेस्टिव्हलचे आणि सेंड-ऑफचे.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र आम्ही स्वतः बनवली होती, ती म्हणजे फिल्टर. कॉन्ट्रिब्युशन काढून सोलर फिल्मचा एक कागद मागवला. चांदीच्या वर्खासारखा दिसणारा. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची गोल चौकट केली, मध्ये फिल्म बसवली आणि ती लेन्सच्या तोंडावर टोपीसारखी घातली. ही फिल्म सूर्यप्रकाशाचा साधारण एक लाखावा भागच आत सोडते. तिच्यातून बाकी जग दिसतच नाही. दिसतो तो फक्त सूर्य, एखाद्या चकतीसारखा.

मुंबई परिसरात ग्रहण सुरू होणार होतं ८ वाजून ४ मिनिटांनी. आठ-दहाच्या सुमारास कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चकतीची कड किंचित चेपल्यासारखी दिसली आणि मामेभाऊ ओरडला, ‘खाल्ला, खाल्ला!’ खालून कुणीतरी खिडकी धाडकन लावून घेतली.

पहिला धडा तिथेच मिळाला. आपल्याला वाटतं, झूम लेन्स लावली की सूर्य फ्रेमभर दिसणार. पण लेन्सच्या फोकल लेंथला ११० ने भागलं की सेन्सरवर सूर्य किती मिलिमीटरचा उमटेल ते कळतं. म्हणजे आमच्या २५० वर जेमतेम सव्वादोन मिलिमीटर! शिवाय सूर्य सरकत असतो. दर दोन मिनिटांनी तो स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो, म्हणून ट्रायपॉड सतत हलवावा लागतो. तरी तासाभरात चांगले वीसेक फोटो मिळाले.

आणि मग ढग आले.

जास्तीत जास्त ग्रहण नऊ-बावीसच्या सुमारास होतं. तेव्हा आपल्याकडे सूर्याचा जवळपास पाऊण भाग झाकला जाणार होता. सव्वानऊला फिल्टरमधून काळोखाशिवाय काहीच दिसेना. नुसत्या डोळ्यांना मात्र ढगामागे फिकट कोर जाणवत होती. ‘ढगच फिल्टर आहे की,’ असं मीच म्हणाले आणि पुठ्ठ्याची टोपी काढली. स्क्रीन नीट दिसत नव्हती म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. कोर दिसली. सुंदर दिसली. मी फोकस करत होते आणि ढग फाटला.

मित्राने लेन्ससमोर हात धरला म्हणून बरं. सगळा खेळ सेकंदाभराचाच. पण त्यानंतर जिकडे बघावं तिकडे एक जांभळट ठिपका. भिंतीवर, आकाशात, मित्राच्या चेहऱ्यावर. डोळा अजिबात दुखत नव्हता, म्हणून मी ‘काही नाही झालं’ म्हणत राहिले.

दुपारी आईने धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ‘दुखत नाही’ हे मी त्यांनाही अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, तीच तर भीती आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. पडदा भाजला तरी लगेच समजत नाही, काही तासांनी नजरेच्या मधोमध धूसर डाग दिसायला लागतो. काही जणांचा तो भरून येतो, काहींचा कायम राहतो. त्यात लेन्स म्हणजे भिंगच. लहानपणी भिंगाने कागद जाळला होता ना, तसंच. त्यांनी दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. ठिपका गेला होता, पडदा ठीक होता. मी सुटले, पण ते दोन दिवस मी पंधरा-पंधरा मिनिटांनी एक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते.

आणि नऊ-बावीसचा फोटो? नुसती पांढरी फ्रेम.

माझी एक मैत्रीण त्याच वेळी मंगळुरूला होती. कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास करून गेलेली. तिकडे साडेनऊच्या जरा आधी पूर्ण कंकण दिसलं. ते टिकलं मोजून दोन-तीन मिनिटं. त्यातला बराच वेळ कॅमेऱ्याची सेटिंग्ज बदलण्यात गेला याची चुटपुट तिला अजून आहे. तिकडे कतारमध्ये इलियास कासिओटिस या ग्रीसच्या हौशी फोटोग्राफरला समुद्रातून उगवणारा ग्रहण लागलेला सूर्य मिळाला. लाल शिंगांसारखा! तो फोटो जगभर फिरला. तोही हौशीच, हे वाचून आम्हाला उगाचच बरं वाटलं.

आमच्या गच्चीवरचा सगळ्यात चांगला फोटो मात्र कॅमेऱ्याने काढलेलाच नाही. मी घाबरून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते, तेव्हा ज्युनिअरने आमच्याच स्वयंपाकघरातली पिठाची चाळण उन्हात धरली. टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर शेकडो चिमुकल्या कोरी उमटल्या! प्रत्येक भोक म्हणजे एक छोटा कॅमेरा. मामेभावाने मोबाइलवर क्लिक केलं. ना फिल्टर, ना लेन्स, ना सूर्याकडे बघायची गरज.

चाळण कुठे गेली म्हणून आजी जिन्याच्या दारापर्यंत आली होती. ग्रहणात ती बाहेर पडत नाही, पाण्यावर तुळशीपत्र ठेवते. ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली आणि तिथूनच भिंतीकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘चाळण धुऊन ठेवा.’ संध्याकाळी तिने तो फोटो तिच्या बहिणीला पाठवायला लावला.

पुढच्या वेळी हे विसरू नका

• फिल्टर लेन्सच्या पुढेच लावा. ग्रहणाचा चश्मा घालून कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून बघू नका.
• एक्स-रे फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच आणि गॉगल बाद.
• ढग म्हणजे फिल्टर नव्हे. माझ्यावर विश्वास ठेवा!
• कंकणाकृती ग्रहणात फिल्टर शेवटपर्यंत काढायचा नाही. कंकण दिसतानाही.
• आयएसओ १००, एफ ८ आणि १/५०० ते १/१००० शटर स्पीडपासून सुरुवात करा. फोकस मॅन्युअल ठेवा, सूर्याच्या कडेवर.
• शटर दाबताना टायमर लावा, फोटो हलणार नाही.

त्यानंतरचं ग्रहण फार लांब नव्हतं. २१ जून २०२० ला, रविवारी, राजस्थानातलं सुरतगढ, हरियाणातलं सिरसा आणि कुरुक्षेत्र, उत्तराखंडातलं डेहराडून या पट्ट्यात कंकण दिसणार होतं. त्या वेळी ते मिनिटभरही टिकणार नव्हतं. आपल्याकडे खंडग्रास, तेही ऐन पावसाळ्यात. ढग असणार हे गृहीत धरूनच आम्ही तेव्हापासून पैसे साठवत होतो. पुठ्ठ्याची टोपी जपून ठेवली आहे. आणि तिच्यावर मार्करने लिहिलंय, ‘काढू नकोस!’