तान्ह्या मुलांच्या नोंदी

मूल दीड वर्षाचें झालें तरी पाऊल टाकीना, किंवा हांक मारली असतां वळून पाहीना, कीं आईबापांच्या जिवाला घोर लागतो. अशा मुलांस साहाय्य जितकें लवकर मिळेल तितकें तें गुणकारी ठरतें. म्हणूनच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८६ सालच्या कायद्यानें तीन वर्षांखालील बालकांसाठीं निराळी योजना निर्माण झाली. तज्ज्ञ मंडळी बहुधा मुलाच्या घरींच येतात, त्याची पाहणी करतात आणि सर्व कुटुंबास अनुलक्षून एक लेखी आराखडा तयार करतात.

परंतु साहाय्यापूर्वीं चौकशी ही आलीच. मुलाच्या कानांत दोष आहे काय, आईचें बाळंतपण कसें झालें, घरांत कोणास कोणती व्यथा आहे, हें सारें दप्तरांत आणि आतां संगणकांत नोंदलें जातें. वैद्यापाशीं कांहीं लपवूं नये हें खरें. पण वैद्यानें तें चव्हाट्यावर मांडूं नये, हेंहि तितकेंच खरें. दुसऱ्या वर्षीं बसलेला एखादा शिक्का, मूल सुधारल्यावरहि, जन्मभर त्याची पाठ धरूं शकतो. आणि ही भीति मनांत असली म्हणजे आईबाप साहाय्य मागण्यासच कचरतात.

या भीतीवर उपाय म्हणून कायद्यानें आईबापांस कांहीं हक्क दिले आहेत. शैक्षणिक नोंदींच्या गुप्ततेचा मूळ कायदा १९७४ चा. त्याच धर्तीवर या योजनेचे नियम झाले. योजनेबाहेरील माणसास नोंद दाखवावयाची तर सामान्यतः आईबापांची लेखी संमति लागते. त्यांनीं स्वतः ती पाहावयास मागितली तर १० दिवसांच्या आंत दाखवावी लागते. चुकीचा मजकूर दुरुस्त करण्याची मागणी त्यांस करतां येते. बाहेरच्या कोणीं ती केव्हां व कशासाठीं पाहिली, हेंहि लिहून ठेवावें लागतें. गरज संपल्यावर आईबापांस तसें कळवून, त्यांची इच्छा असल्यास, ती नष्ट करावी लागते. नांव, जन्मतारीख यांसारखा त्रोटक तपशील मात्र ठेवतां येतो. मूल तीन वर्षांचें होत आलें म्हणजे, पुढें साहाय्य लागण्याचा संभव असल्यास, नांव, जन्मतारीख व आईबापांचा पत्ता स्थानिक शाळाखात्यास संमतीवांचून कळवितात. एरवीं साहाय्यांत खंड पडेल.

नांव गाळलें म्हणजे गुप्तता राखली, असें मात्र समजूं नये. एखाद्या लहानशा जिल्ह्यांत बहिरीं बालकें दोनच असलीं, तर कोष्टकांतील २ हा आंकडा वाचतांच शेजारीपाजारी तीं ओळखतात. म्हणून असे लहान आंकडे छापील कोष्टकांत झांकतात. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. एकूण बेरीज १० आणि उघड्या रकान्यांची बेरीज ८ दिसली, कीं झांकलेले २ वजाबाकीनें बाहेर पडतात. यास्तव दुसराहि एखादा आंकडा झांकावा लागतो.

तान्ह्या मुलास स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं. तेव्हां कागदावर सही करण्यापूर्वीं आईबापांनीं तीन प्रश्न विचारावे: ही माहिती कशासाठीं हवी, ती कोण पाहणार, आणि ती केव्हां नष्ट होणार? असें विचारण्यांत तज्ज्ञांविषयीं अविश्वास नाहीं. मुलाच्या वतीनें बोलण्याचें तें पहिलें कर्तव्य आहे.