घर हीच शाळा : गृहशिक्षण म्हणजे काय आणि काय नव्हे

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावे का, हा प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्यापुरताच ऐकू येई. आता तो जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही काही तरुण पालकांच्या मनात डोकावतो. कोणाला वाढती फी परवडत नाही, कोणाचे मूल वर्गात मागे पडते, तर कोणाला गृहपाठाच्या ओझ्याखाली मुलाचे बालपण दडपले जात आहे असे वाटते. घाईने निर्णय घेण्यापूर्वी या वाटेची माहिती वाचकांना असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

घरी शिकणे ही आपल्याकडे परदेशातून आलेली कल्पना नव्हे. पंडिता रमाबाई 1858 साली जन्मल्या आणि त्यांनी लहानपणी शाळेचा उंबरठा ओलांडलाच नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. दिवसभर घरकामातून सवड मिळत नसे, म्हणून पहाटेच्या अंधारात झोपाळलेल्या मुलीला उठवून माउली पाठ देत असे. पुढे कुटुंब तीर्थयात्रेत भटकत राहिले तरी पाठ चुकला नाही. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांचा बळी घेतला. चारच वर्षांनी, 1878 मध्ये, कोलकात्याच्या विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मराठी बायबलचे भाषांतर त्यांच्याच हातून झाले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. या कथेतील पहाटेची वेळ आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. गृहशिक्षणाचा भार बहुधा आईवर पडतो आणि तो तिच्या झोपेतून वजा होतो. आजही यात फारसा फरक पडलेला नाही.

समजा, अंबड रस्त्याकडील एखाद्या नव्या वसाहतीत असे एक कुटुंब राहते. त्यांचा दिवस कसा जाईल? सकाळी दोन-अडीच तास गणित आणि भाषा, एवढे पुरे होते. एका-दोघा मुलांस शिकवताना चाळीस मुलांच्या वर्गाइतका वेळ लागत नाही. उरलेला दिवस परिसर शिकवतो. जालन्याचा परिसर तर या बाबतीत श्रीमंत आहे. मोसंबीच्या बागेत झाडाला पाण्याचा ताण का देतात, ताण तोडल्यावर बहर कसा फुटतो, हे पाहिलेल्या मुलाला वनस्पतिशास्त्राचा धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भंगार वितळवून त्याच्या सळ्या कशा होतात, याची माहिती पोलादाच्या कारखान्यात काम करणारा शेजारी देऊ शकतो. संकरित बियाण्यांचा उद्योग येथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये उभारला. परागीकरण हा शब्द येथील शेतमजूर स्त्रियांच्या बोटांनाच ठाऊक आहे म्हणा ना! आणि घाणेवाडीचा तलाव, कुंडलिका नदी, 2012-13 चा दुष्काळ, टँकरच्या खेपा यांत भूगोल, इतिहास आणि अंकगणित एकत्रच भेटतात.

मात्र परिसर आपोआप शिकवीत नाही. बाग पाहून आल्यावर मुलाने त्याविषयी दहा ओळी लिहिल्या का, खर्चाचा हिशेब मांडला का, हे पाहणारे कोणी घरात नसेल तर ती केवळ सहल होते. अनेक घरांत हा प्रयोग येथेच ढेपाळतो.

आता कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे तो सांगतो. तसे न करणाऱ्या पालकास या अधिनियमात शिक्षा नाही. पण गृहशिक्षणास स्पष्ट मान्यताही नाही. म्हणजे ही वाट बंद नाही, तिच्यावर पाटी मात्र नाही. याच कायद्यात एक दिलासाही आहे : शाळेबाहेर राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश देणे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. प्रयोग फसला तर परतीचा दरवाजा उघडा आहे, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

दहावीचे काय? येथे दोन मार्ग आहेत. पहिला राज्य मंडळाचा, म्हणजे 17 नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेस बसण्याचा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून शाळा सोडताना तो मागून जपून ठेवावा. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की तेथे दहावीसाठी नोंदणी करता येते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि नोंदणी पाच वर्षे टिकत असल्याने विषय एकेक करून सोडवता येतात. शाळेत कधीच न गेलेल्या मुलासाठी हा मार्ग अधिक सोयीचा. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली, आई सुप्रिया यांनी नोकरी सोडून तिला घरी शिकविले, आणि संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळविले. 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचे दार तिला बंदच होते. वृत्तपत्रांनी पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत छापली. पालकांनी दुसरीही वाचावी.

पालक हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. गृहशिक्षणाचे समर्थक या वाक्याचा आधार घेतात आणि तो रास्त आहे. तथापि याच घोषणापत्रात शाळेचे महत्त्वही तितक्याच आग्रहाने मांडलेले आहे, हे वाक्य उद्धृत करताना विसरले जाते.

सर्वांत अवघड प्रश्न सोबतीचा आहे. भांडण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा एका बाकावर बसणे, हे मूल घरी कोठून शिकणार? रविवारचा धर्मशिक्षण वर्ग, गायनवृंद, मैदानावरचा कबड्डीचा संघ यांचा आधार घ्यावा लागतो. तोही रोजचा नसतो. एकुलत्या एका मुलाच्या बाबतीत आम्ही तरी ही वाट सुचविण्यास कचरू.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. याच जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि पाठीमागे उरलेल्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. ती मुलेही ‘घरी’च असतात, फडावरच्या कोपीत किंवा आजीपाशी; पण त्यांना कोणी गृहशिक्षित म्हणत नाही. त्यांच्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ज्या आईला वसाहतीतील आपल्या मुलास सकाळी दोन तास शिकविण्याची सवड आणि हातोटी आहे, तिच्या टेबलाशी संध्याकाळी अशा एखाद्या मुलासाठी एक खुर्ची अधिक मांडता येईल. तिच्या मुलाला त्यातून सोबतीही मिळेल.