कालच्या दिवसाचा हिशेब

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. साखर-थायरॉइड तपासायला आलेल्या बायका हल्ली विचारतात, "मॅडम, अंगात प्लास्टिक किती गेलंय, त्याची टेस्ट असते का हो?"

खरं तर विचारायला हवं प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या रसायनांबद्दल. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक. घरातला पाइप त्याचा आणि रक्ताची मऊ पिशवीही त्याचीच. मऊपणा आणणारी थॅलेटं प्लास्टिकला पक्की बांधलेली नसतात. उष्णता किंवा तेल मिळालं की सुटून बाहेर येतात. दुसरं रसायन बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए. खाद्याच्या बंद डब्याच्या आतल्या अस्तरात ते असू शकतं, दुकानातल्या बिलाच्या गुळगुळीत कागदावरही असू शकतं.

दोन्ही बहुतांशी दिवसाभरात लघवीवाटे निघून जातात. म्हणून एका नमुन्यात दिसतो तो कालचा दिवस, आयुष्य नव्हे. हार्वर्डच्या संशोधकांनी 2011 मध्ये 75 जणांना पाच दिवस रोज डबाबंद सूप दिलं. ताजं सूप घेतलेल्या दिवसांच्या तुलनेत लघवीतलं बीपीए दहापटीहून जास्त वाढलं. आणि ज्या गोष्टीशी रोजच संबंध येतो ती रोज सापडणारच: अमेरिकेच्या 2003-04 च्या पाहणीत 93 टक्के लोकांच्या लघवीत बीपीए होतं.

मोजणीतली अडचण मला फार जवळची वाटते. नमुन्याची डबीसुद्धा प्लास्टिकचीच! थॅलेट तिच्यातून आलं की माणसातून, कसं ओळखायचं? म्हणून शरीराने थॅलेट मोडून तयार केलेला पदार्थ मोजतात. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. आमच्याकडे तो नाही. शिशाचं वेगळं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि रक्तात तपासता येतं. पीव्हीसी पाइपांत ते स्थिरतेसाठी घालत. ते काढून टाकण्याचे नियम आपल्याकडे 2021 मध्ये आले.

काळजी सगळ्यांत जास्त गरोदर बाईची. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटं नर गर्भाचं टेस्टोस्टेरॉन घटवतात. बीपीए इस्ट्रोजेनसारखं वागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची सुरक्षित मर्यादा एका झटक्यात वीस हजारपटीने खाली आणली. म्हणून गरोदर मुलीला मी सांगते: गरम आणि तेलकट काहीही प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, स्टीलचा डबा काढ.

तिच्या एकटीच्या रिपोर्टने फारसं कळणार नाही. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या शेकडो गरोदर बायकांचे नमुने, पुन्हा पुन्हा, काही वर्षं घ्यायला हवेत. एमआयडीसीच्या कुशीतल्या या गावांचा तो हक्कच आहे. नमुने गोळा करायला मी आजही तयार आहे.