संत्र्याची नासाडी: भौतिक बदल की रासायनिक?

अन्न खराब होणे हा भौतिक बदल आहे की रासायनिक, या प्रश्नाचे 'रासायनिक' हे शालेय उत्तर चुकीचे नाही. मात्र अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि मोर्शी या तालुक्यांत पिकणाऱ्या संत्र्याचा तोडणीनंतरचा प्रवास पाहिला, तर ते अपुरे असल्याचे लक्षात येते. पदार्थाचे रेणू तेच राहून केवळ त्याचा आकार किंवा अवस्था बदलते, तेव्हा तो बदल भौतिक असतो. जुने रेणू मोडून वेगळ्या गुणधर्मांचे नवे पदार्थ तयार होतात, तेव्हा तो रासायनिक ठरतो. संत्र्याच्या नासाडीत हे दोन्ही बदल घडतात आणि बहुतेक वेळा पहिला दुसऱ्याला वाट करून देतो.

झाडावरून तोडलेल्या फळाला मुळांकडून पाणी मिळणे थांबते, परंतु सालीतून होणारे बाष्पीभवन सुरूच राहते. त्यामुळे फळाचे वजन घटते आणि साल सुरकुतते. पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल असून, असे सुकलेले फळ बाजारात कमी भावाने विकले गेले तरी बराच काळ खाण्याजोगे राहते. सालीवर मेणाचा पातळ थर देण्याची पद्धत पाण्याची ही घट कमी करण्यासाठीच आहे.

खरी नासाडी सुरू होते ती जखमेपासून. फळ ओढून तोडल्यामुळे देठाशी साल फाटणे, ट्रकमध्ये वरच्या थरांच्या भाराने खालची फळे दबणे, हाताळताना नखाचा ओरखडा उठणे या घटना भौतिकच आहेत. परंतु पेनिसिलियम डिजिटाटम या हिरव्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे हवेतून पसरणारे तिचे सूक्ष्म बीजकण, धडधाकट सालीतून सहसा आत शिरू शकत नसल्याने त्यांना अशा जखमेचीच गरज असते. आत रुजलेली बुरशी विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने, बाहेर सोडते; ही विकरे पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन तोडतात, त्यामुळे साल मऊ पडते, आणि सुटलेल्या साखरेवर बुरशी वाढत जाते. सालीवर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी दिसू लागते, तोवर हा रासायनिक बदल पुष्कळ पुढे गेलेला असतो.

जंतू किंवा बुरशी नसतानाही रासायनिक बिघाड होतो, याचे उदाहरण संत्र्याच्या रसात सापडते. अखंड फळात लिमोनिन या कडू द्रव्याचे कडू नसलेले पूर्वरूप असते. रस काढताना पेशी फुटल्या, की ते आम्लाच्या संपर्कात येते आणि त्याचे हळूहळू लिमोनिन बनते. त्यामुळे काढताक्षणी गोड लागणारा रस काही तासांनी कडवट होतो आणि उष्णतेने ही क्रिया अधिक वेग घेते. पेशी फुटणे हा भौतिक बदल आणि कडवटपणा हा त्यानंतरचा रासायनिक बदल, असा क्रम येथेही दिसतो.

भौतिक बदल नेहमीच नासाडीकडे नेतो असे मात्र नाही, कारण अन्न टिकवण्याचा जुना आणि भरवशाचा उपायही भौतिकच आहे. वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सांडगे वाळवले जातात, तर अकोल्याच्या दालमिलमध्ये येणारी तूर नीट वाळलेली असावी लागते. दोन्हीकडे उद्देश एकच, की सूक्ष्मजीवांना वापरता येईल इतके पाणी पदार्थात उरू नये. शीतगृहातही रासायनिक क्रिया थांबत नाहीत, परंतु त्यांचा वेग मंदावतो. तापमान फार खाली नेले, तर मात्र संत्र्याला थंडीची इजा होते.

कुजलेले संत्रे पुन्हा ताजे करण्याचा मार्ग नाही, कारण मोडलेले रेणू पूर्ववत जुळत नाहीत. त्याआधीची जखम, ओल आणि ऊब मात्र माणसाच्या नियंत्रणात असते. म्हणून अन्न खराब होणे हा रासायनिक बदल आहे हे शिकवताना, तो रोखण्याची संधी प्रामुख्याने भौतिक टप्प्यावर मिळते हेही शिकवले पाहिजे. देठ कात्रीने कापणे, फळ न आपटता ठेवणे आणि दुखावलेली फळे वेळीच वेगळी काढणे या साध्या कामांचे शास्त्रीय मोल त्यातूनच समजते, आणि वर्षभर राबून पिकवलेले फळ खाणाऱ्यापर्यंत चांगल्या स्थितीत पोहोचणे पुष्कळ अंशी याच कामांवर अवलंबून आहे.