बचाव पुढून ढासळतो

‘नव्वद मिनिटे’ : भाग सहावा

लिव्हरपूलच्या २०२०-२१ च्या हंगामाचे काय झाले, असे फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही विचारा. उत्तर एका वाक्यात मिळते : व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला आणि गतविजेत्यांचा बचाव कोसळला. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते एकदा मिळाले की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही, ही माझी खरी तक्रार. गेल्या आठवड्यात आपण ऑफसाइडचा नियम तपशिलात पाहिला. आज त्याच नियमाच्या आधाराने, भक्कम म्हणून नावाजलेला बचाव एका हंगामात कसा उसवत गेला, ते पाहू.

आधी तारखा लावून घेऊ. ४ ऑक्टोबर २०२० रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर अ‍ॅस्टन व्हिलाने लिव्हरपूलचा ७-२ असा धुव्वा उडवला. लीगच्या सामन्यात लिव्हरपूलने सात गोल खाल्ले, असे १९६३ नंतर पहिल्यांदाच घडले. व्हॅन डाइक जखमी झाला तो त्यानंतर तेरा दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्ध. म्हणजे सात गोल झाले तेव्हा तो ठणठणीत होता आणि मैदानातच होता. शेजारी जो गोमेझ, उजवीकडे ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड, डावीकडे अँडी रॉबर्टसन. काही महिन्यांपूर्वी ९९ गुणांनी विजेतेपद मिळवले, त्यात हेच चौघे होते. व्हिलाविरुद्ध नव्हते ते दुसरेच. गोलरक्षक अ‍ॅलिसनचा खांदा सरावात दुखावला होता आणि आघाडीचा सादिओ माने कोविडमुळे बाहेर होता. अ‍ॅलिसनच्या जागी आलेल्या आद्रियानने चौथ्याच मिनिटाला चुकीचा पास देऊन पहिला गोल भेट दिला, काही गोल बचावपटूंच्या अंगाला लागून वळले. दुर्दैवाचा वाटा होताच. पण ऑली वॉटकिन्स आणि जॅक ग्रीलिश पुनःपुन्हा मोकळ्या मैदानात पळताना दिसत होते आणि व्हॅन डाइकसारखा खेळाडू त्यांच्या मागे धावत होता, याचा खुलासा केवळ दुर्दैवाने होत नाही.

त्यासाठी मैदानाची मापे लक्षात घ्यावी लागतात. मोठ्या सामन्यांचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. चार बचावपटू या रुंदीवर समान अंतराने उभे केले तर एकेकाच्या वाट्याला सतरा मीटर येतात. इतका पट्टा एकट्याने राखणे कुणालाच शक्य नाही. म्हणून बचावफळी चेंडूच्या बाजूला गोळा होते आणि पलीकडची बाजू जाणूनबुजून मोकळी सोडते. लांबीचेही तसेच. प्रशिक्षक युर्गन क्लॉपचा लिव्हरपूल आपली शेवटची रेषा मैदानाच्या मध्यापर्यंत चढवत असे. त्यामुळे सगळा संघ दाट राहायचा, चेंडू गमावला की तो तिथल्या तिथे परत मिळवता यायचा. किंमत एवढीच की बचावफळीच्या पाठीमागे चाळीसेक मीटरचे रान ओस पडलेले असायचे.

मग ते रान राखायचे कुणी? थोडे ऑफसाइडचा नियम राखतो, थोडे पुढे येऊन उभा राहिलेला गोलरक्षक राखतो. उरलेले राखतो वेळ. मागच्या मोकळ्या जागेत अचूक चेंडू टाकायचा तर चेंडूवाल्या खेळाडूला मान वर करायला, आपला स्ट्रायकर कुठून सुटतो आहे ते पाहायला आणि पाय मागे घेऊन मारायला थोडी उसंत लागते. कुणी तरी त्याच्या अंगावर आलेले असेल तर ती उसंत मिळत नाही. तो आडवा पास देतो किंवा घाईत उडवतो. म्हणून बचावफळीला एकच गोष्ट सतत वाचावी लागते : चेंडूवर दाब आहे की नाही. दाब असेल तर रेषा पुढे चढवायची, दाब नसेल तर सगळ्यांनी एकदम मागे पळायचे. निर्णय अर्ध्या क्षणाचा असतो आणि चौघांना तो एकाच वेळी घ्यावा लागतो. दाब असून नसल्यासारखा असेल, म्हणजे आघाडीचा खेळाडू धावून तर आला पण दोन पावले उशिरा, तर पंचाईत होते. तिघे पुढे चढतात, एकाला धोका दिसतो आणि तो मागे सरकतो. त्या एकट्यामुळे स्ट्रायकर ऑनसाइड ठरतो आणि गोल होतो.

दूरचित्रवाणीवर तो गोल पुन्हा दाखवतात तेव्हा चौकटीत दोनच माणसे असतात, गोल करणारा आणि मागे पडलेला बचावपटू. दोन पावले उशीर करणारा तीस मीटर लांब, चौकटीबाहेर राहतो. शिव्या कुणाच्या वाट्याला येतात, हे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहणाऱ्यांनाही सांगायला नको. बचावपटूंवर यात खरोखरच अन्याय होतो, असे माझे मत आहे. व्हिलाविरुद्धच्या सामन्यात मागची रेषा नेहमीइतकीच वर होती, पण पुढचा दाब नेहमीसारखा नव्हता. रेषा आणि दाब यांची फारकत झाली की जगातला सर्वोत्तम सेंटर बॅकसुद्धा पाठमोरा धावणारा माणूस उरतो.

यानंतर दुखापतींची रांगच लागली. व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरावात गोमेझचा गुडघा निकामी झाला. जोएल मातिप येत-जात राहिला आणि जानेवारीच्या अखेरीस टॉटनहॅमविरुद्ध घोट्याला मार बसून हंगामापुरता बाद झाला. तीन प्रमुख सेंटर बॅक आणि तिन्ही गेले. क्लॉपने तेव्हा मधल्या फळीतल्या फॅबिन्योला मागे खेचले, पुढे कर्णधार जॉर्डन हेंडरसनलाही. मागची जागा रिकामी दिसत होती आणि मागे खेळू शकणारे अनुभवी खेळाडू हाताशी होते. त्या घडीला बहुतेक प्रशिक्षकांनी हेच केले असते.

फॅबिन्यो तिथे वाईट खेळला, असे अजिबात नाही. चांगलाच खेळला. पण तो ज्या जागेवरून उठला ती जागा भरली गेली नाही. लिव्हरपूलच्या खेळात दोन्ही फुलबॅक जवळजवळ विंगरसारखे वर जात. २०१९-२० मध्ये लीगमधल्या तेरा गोलांना अलेक्झांडर-अर्नोल्डचा शेवटचा पास होता, रॉबर्टसनचे असे बारा. हे दोघे वर गेलेले असताना चेंडू हातचा गेला, तर मागे दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या पुढे एकटा फॅबिन्यो उरत असे. प्रतिहल्ल्याचा पहिला पास तोडणे, निदान तो दोन क्षण लांबवणे हे त्याचे काम. ते करणारा माणूस पंधरा मीटर मागे उभा राहिला आणि मधून रस्ता मोकळा झाला.

फटका आघाडीलाही बसला आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. व्हॅन डाइक मागून आडवे लांब पास मारून खेळाची बाजू एका फटक्यात पालटवत असे. ते बंद झाल्यावर चेंडू हळूहळू पुढे येऊ लागला आणि तोवर समोरचा संघ आपल्या गोलपुढे नीट मांडून बसू लागला. परिणाम अ‍ॅनफिल्डवर दिसला. घरच्या मैदानावर लीगमधले ६८ सामने अपराजित राहिलेला हा संघ २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीकडून हरला, मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि फुलहॅमकडून. घरच्या मैदानावर लीगमध्ये लागोपाठ सहा पराभव, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. आता या सहा सामन्यांचे गोल मोजा. लिव्हरपूलने खाल्ले दहा, त्यातले चार एकट्या सिटीचे. चार पराभव तर ०-१ असे होते. केलेला गोल सहा सामन्यांत मिळून एक, मोहम्मद सलाहने पेनल्टीवर मारलेला. एका सामन्यात एक गोल खाणाऱ्या संघाचा बचाव कोसळला असे म्हणायचे का? मला वाटते, सेंटर बॅकची उणीव भरताना संघाचा मध्य काढून घेतला गेला आणि त्यामुळे मागे व पुढे एकदमच ओढाताण सुरू झाली. आधीच्या हंगामात लीगमध्ये ८५ गोल करणारा संघ ६८ वर आला. खाल्लेले गोल ३३ वरून ४२ झाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा, घट वाढीपेक्षा मोठी आहे.

रिकाम्या प्रेक्षागृहांचा आणि दाटीवाटीच्या वेळापत्रकाचा परिणाम सगळ्याच संघांवर होता, त्यामुळे तो विषय इथे वाढवत नाही. परस्परांच्या सवयीचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. सेंटर बॅकची जोडी जवळपास दर आठवड्याला बदलत होती. फेब्रुवारीत शाल्केकडून उसना आणलेला ओझान कबाक लेस्टरविरुद्ध पहिल्यांदाच उतरला आणि एका लांब चेंडूवर तो आणि अ‍ॅलिसन एकमेकांवर आदळले. जेमी व्हार्डीने मोकळ्या जाळीत गोल केला. चेंडू कुणाचा, हे ओरडून सांगायची आणि तो ओरडा ओळखायची सवय सामने खेळूनच लागते. त्या दोघांनी एकत्र सामना खेळलेलाच नव्हता.

मार्चमध्ये क्लॉपने मांडणी बदलली. चॅम्पियन्स लीगमध्ये लाइपझिगविरुद्धचा सामना १० मार्चला, कोविडच्या निर्बंधांमुळे बुडापेस्टमध्ये झाला. त्यात फॅबिन्यो पुन्हा मधल्या फळीत दिसला. मागे होते कबाक आणि नॅट फिलिप्स. लिव्हरपूल २-० असा जिंकला. तिथून लीगच्या शेवटच्या दहा सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. आठ विजय, दोन बरोबरी आणि खाल्लेले गोल फक्त सहा. संघ ६९ गुणांसह तिसरा आला. यातल्या बहुतेक सामन्यांत फॅबिन्यो मध्यात होता. मागे कधी फिलिप्स आणि कबाक, तर अखेरीस फिलिप्स आणि ऱ्हिस विल्यम्स. फिलिप्स आदला हंगाम जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत श्टुटगार्टकडून उसना खेळला होता, तर विल्यम्स इंग्लंडच्या सहाव्या स्तरावर किडरमिन्स्टर हॅरियर्सकडून. नावे पाहिली तर ही लिव्हरपूलची त्या हंगामातली सर्वांत कच्ची बचावफळी, आणि तिच्या मागचे आकडे सर्वांत पक्के.

याला आक्षेप घेता येतो. त्या दहा सामन्यांतले काही प्रतिस्पर्धी तळाचे होते. दिओगो जोटा दुखापतीतून परतला होता, त्यामुळे पुढची धारही वाढली होती. दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. तरीही फिलिप्स हा काही वेगवान खेळाडू नाही. पाठीमागे चाळीस मीटर मोकळे ठेवून त्याला स्ट्रायकरशी शर्यत लावावी लागली असती, तर तो दर आठवड्याला हरला असता. ती शर्यत त्याच्या वाट्याला क्वचितच आली, कारण तो लांब पास मारणाऱ्याच्या अंगावर पुन्हा कुणी तरी वेळेवर येत होते. फिलिप्सकडे यायचे ते उंच, घाईत उडवलेले चेंडू, आणि ते डोक्याने परतवण्यात तो तरबेज होता.

व्हॅन डाइकचे मोल यामुळे कमी होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंडांना तो आला. त्या हंगामात लिव्हरपूलने लीगमध्ये ३८ गोल खाल्ले होते, पुढच्या हंगामात फक्त २२. पण या दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात अ‍ॅलिसन आला आणि फॅबिन्योही आला. तीन माणसांचे श्रेय आपण एकाच्या नावावर मांडले, म्हणून तो एक गेल्यावर सगळे गेले असे वाटले.

आपल्या जवळचे उदाहरण एफसी गोवाचे. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या पहिल्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, या संघाने इंडियन सुपर लीगच्या १८ साखळी सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. फातोर्ड्याच्या प्रेक्षकांना इतका देखणा खेळ क्वचितच पाहायला मिळाला असेल, पण चेंडू गमावल्यावर मध्यातून धावत येणाऱ्यांना अडवायला माणसे कमी पडत. पुढच्या हंगामात खाल्लेले गोल २० वर आले. सेनेगलचा उंचापुरा मुर्तादा फॉल मागे आला, हे ठळक कारण. लोबेरांनीच मूळच्या विंगर मंदार राव देसाईला डावा फुलबॅक बनवले, हे मला तितकेच लक्षणीय वाटते. चेंडू आपल्याकडे असतानाच बचावाची तजवीज करायची, अशा विचारातून असे बदल होतात.

तो हंगाम गोव्याने अंतिम सामन्यात गमावला. १७ मार्च २०१९, अंधेरीची मुंबई फुटबॉल अरेना, जादा वेळेत अहमद जाहू बाद झाल्याने गोव्याचे दहाच खेळाडू उरलेले. ११७व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला आणि मुंबईकर राहुल भेकेने डोक्याने गोल केला. दाब आणि रेषा यांचे आजचे सगळे गणित त्या गोलला लागू होत नाही. कॉर्नर घेणाऱ्याला कुणी घाई करू शकत नाही, त्याला हवी तेवढी उसंत असते आणि थेट कॉर्नरवर ऑफसाइडही नसतो. अशा वेळी माणूस धरायचा की जागा धरायची, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. पुढच्या आठवड्यात तोच विषय घेऊ.